दहा टक्के कशाचे?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘किन्से (१९४८) यांच्या मते दहा टक्के पुरुष समलिंगी असतात.’ लैंगिकतेच्या अभ्यासाचा इतिहास दोन परिच्छेदांत उरकायचा होता, त्यात हे वाक्य भारदस्त दिसत होतं. आरआरसीपुढे प्रेझेंटेशन देताना समितीतल्या एका मॅडमनी ती स्लाइड मागे घ्यायला लावली आणि विचारलं, “दहा टक्के कशाचे?” मी म्हणाले, पुरुषांचे. “कुठल्या पुरुषांचे? किती काळासाठी? आणि ते निवडले कसे होते?” तीन प्रश्न, आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नाही. कारण साधं होतं. मी किन्सेचं पुस्तक उघडलंच नव्हतं. ते वाक्य मी एका लेखातून उचललं होतं, आणि त्या लेखकानेही ते बहुतेक तसंच कुठून तरी उचललं असावं.

सिनॉप्सिस सुधारून आणायला मुदत मिळाली. त्या मुदतीत मी ते ८०४ पानांचं पुस्तक वाचलं आणि त्यावर झालेली टीकाही वाचली. आज त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. पेट किंवा नेट-सेट झालीये, आता विषय शोधताय, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर लैंगिकतेवर काम करायचं असो वा नसो, हे पुस्तक तुमच्या कामाचं आहे. संशोधनात जितक्या प्रकारे चुकता येतं त्यातले बरेचसे प्रकार या एका पुस्तकात आहेत, तेही प्रचंड कष्ट घेऊन केलेले. आणि तरीही ते पुस्तक टाकून देता येत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. किन्सेच्या आधी या विषयावर कुणी लिहिलंच नव्हतं असं नाही. क्राफ्ट-एबिंगचं ‘सायकोपॅथिया सेक्शुआलिस’ १८८६ चं. पण तो मनोविकारतज्ज्ञ, त्याच्याकडे येणारी माणसं दवाखान्यातून नाहीतर कोर्टातून यायची. त्यामुळे त्याच्या पुस्तकातलं जग रोग्यांचं आणि आरोपींचं. हॅवलॉक एलिसने सूर बदलला, सहानुभूतीने लिहिलं. त्याचं पुस्तक विकल्याबद्दल १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये एका माणसावर खटला झाला. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्डने १९१९ मध्ये संस्था काढली, मे १९३३ मध्ये नाझींनी तिथली पुस्तकं जाळली. कॅथरिन डेव्हिस यांनी २,२०० अमेरिकन स्त्रियांच्या उत्तरांवर १९२९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. आपल्या कोर्सवर्कमध्ये त्यांचं नाव सहसा येत नाही, यायला हवं.

या मंडळींपैकी बऱ्याच जणांचा, विशेषतः डॉक्टरांचा, प्रश्न ‘नैसर्गिक काय आणि विकृत काय’ असा होता. किन्सेचा प्रश्न वेगळा: किती जण, किती वेळा, कुठल्या वयात? हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आणि तो त्याच्याकडून झाला याचं एक कारण म्हणजे हा माणूस डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. तो किडे गोळा करायचा.

अल्फ्रेड किन्से १९२० पासून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत होता. ओकच्या झाडांवर गाठी निर्माण करणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हा त्याचा विषय. त्याने त्या लाखोंनी जमवल्या, मापं घेतली, चिठ्ठ्या लावल्या. एका जातीतल्या दोन माश्याही अगदी सारख्या नसतात, हे त्याच्या अंगात भिनलेलं. १९३८ मध्ये विद्यापीठात विवाहविषयक कोर्स सुरू झाला, त्याची सूत्रं त्याच्याकडे आली. विद्यार्थी प्रश्न विचारू लागले आणि याला उत्तरं देता येईनात, कारण तशी माहिती कुणी गोळाच केलेली नव्हती. मग तो विद्यार्थ्यांच्याच मुलाखती घ्यायला लागला. १९४० मध्ये तक्रारी वाढल्यावर विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी सांगितलं, कोर्स किंवा मुलाखती, काय ते एक निवडा. त्याने मुलाखती निवडल्या.

पुस्तकाचं दुसरं प्रकरण या मुलाखतींवर आहे. माझं ऐकाल तर मेथडॉलॉजीच्या गाईडबुकांआधी ते वाचा. छापील प्रश्नावली नाहीच. मुलाखत घेणाऱ्याला सगळे प्रश्न पाठ. प्रत्येकाला निदान तीनशे मुद्दे विचारायचे, समोरच्याचा अनुभव जास्त असेल तर पाचशेच्या वर. उत्तरं एकाच कागदावर, चौकटींत, खुणांनी टिपायची आणि त्या खुणांचा अर्थ कुठे लिहून ठेवायचा नाही, तो फक्त मुलाखत घेणाऱ्यांच्या डोक्यात. कागद चोरीला गेला तरी कुणाचं काही बिघडू नये म्हणून. एकूण अठरा हजारांच्या आसपास मुलाखती झाल्या, त्यातल्या आठ हजारांच्या आसपास एकट्या किन्सेने घेतल्या. मी बावीस घेतल्या आणि माझा आवाज बसला.

आता प्रश्न विचारण्याची रीत बघा. ‘तुम्ही कधी अमुक केलंय का?’ असं विचारायचंच नाही. ‘पहिल्यांदा केव्हा केलंत?’ असं विचारायचं. म्हणजे प्रत्येकाने सगळं केलेलंच आहे असं धरून चालायचं आणि नाकारण्याचं ओझं समोरच्यावर टाकायचं. प्रश्न भराभर, नजर सरळ, शब्द आडवळणाचे नकोत. चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना नापसंती.

हे वाचून मी माझ्या पायलटमध्ये वापरून पाहिलं. माझा विषय आहे तालुक्याच्या गावातल्या नवविवाहित स्त्रियांना लैंगिक आरोग्याची माहिती कुठून मिळते हा. माझा पहिला प्रश्न होता, ‘लग्नाआधी तुम्हाला याबद्दल काही माहिती होती का?’ पहिल्या नऊच्या नऊ जणींनी ‘नाही’ म्हणून पदर सारखा केला. हो कोण म्हणेल? हो म्हणणं म्हणजे आपल्याला वळण नाही याची कबुली. मग प्रश्न बदलला: ‘लग्नाआधी याबद्दल सगळ्यात आधी कुणाकडून कळलं?’ आणि उत्तरं यायला लागली. वहिनी. शेजारची मैत्रीण. भावाचा मोबाइल. एकीने तर विज्ञानाच्या पुस्तकातला धडा सांगितला, जो बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून वर्गात सोडून दिला होता. मी खूश! किन्सेबाबा की जय.

दोन दिवसांनी त्यातलीच एक जण बाजारात भेटली. म्हणाली, “ताई, त्या दिवशी मी मावशीचं नाव घेतलं ना, तर मावशीने काही सांगितलं नव्हतं. तुम्ही ‘कुणाकडून’ असं विचारलंत, मग मला वाटलं कुणाचं तरी नाव द्यायलाच लागतं.”

किन्सेच्या रीतीची दुसरी बाजू ही. लाजेपोटी दडवलेलं बाहेर येतं, पण भिडेपोटी नसलेलंही बाहेर येऊ शकतं. किन्सेला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने काही लोकांच्या मुलाखती दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ मध्ये जाऊ देऊन पुन्हा घेतल्या, नवरा-बायकोची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. बऱ्याच बाबतींत ती चांगली जुळली. पण उत्तर दोनदा सारखं येणं म्हणजे ते खरं असणं नव्हे. मी पुन्हा गेले असते तर मावशी दुसऱ्यांदाही मावशीच राहिली असती. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक पेटच्या पेपरात दोन मार्कांचा असतो. मला तो भाजीच्या गाड्यापाशी समजला.

आता नमुना. खरी अडचण इथे आहे.

१९४८ च्या पुस्तकात सुमारे ५,३०० गोऱ्या पुरुषांची आकडेवारी आहे, १९५३ च्या दुसऱ्या पुस्तकात ५,९४० गोऱ्या स्त्रियांची. कृष्णवर्णीयांच्या मुलाखती झाल्या होत्या, पण संख्या अपुरी म्हणून त्या बाहेर ठेवल्या. शीर्षकात मात्र अख्खा ‘मानवी पुरुष’ आणि अख्खी ‘मानवी स्त्री’. (हसू नका. एका तालुक्यातल्या शंभर जणांना विचारून ‘महाराष्ट्रातील’ असं शीर्षक देणारे आपल्यातही कमी नाहीत.)

ही माणसं मिळाली कशी? ओळखीतून ओळख काढत, कॉलेजांतून, क्लबांतून, व्याख्यानांना आलेल्या गर्दीतून. तुरुंगातूनही, आणि तेही बरेच. यादृच्छिक नमुना किन्सेने विचारपूर्वक नाकारला. त्याचं म्हणणं, चिठ्ठी टाकून निवडलेल्या माणसाच्या दारात जाऊन असले प्रश्न विचारले तर इतके जण नकार देतील की तो नमुना यादृच्छिक राहणारच नाही. यावर त्याने एक तोड काढली. अख्खा गट धरायचा, म्हणजे एखादा वर्ग, वसतिगृह किंवा क्लब, आणि त्यातल्या शेवटच्या माणसाची मुलाखत होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. पहिल्या पुस्तकातला साधारण चौथा हिस्सा असा आलेला आहे. युक्ती चांगली आहे, गटाच्या आत नकार देणारा उरत नाही. पण तो गटच का निवडला, हा प्रश्न तसाच राहतो.

स्वतःहून बोलायला येणारी माणसं इतरांपेक्षा वेगळी असतात, हे त्याला अब्राहम मॅस्लोने सांगितलं होतं. हो, तोच, गरजांच्या पिरॅमिडवाला. मॅस्लोने त्याच्याबरोबर पडताळणी केली. अशा मुलाखतीला तयार होणाऱ्यांत आत्मविश्वास जास्त असलेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणजे आकडे वर सरकण्याची शक्यता. किन्सेने हे पुस्तकात घेतलं नाही. शेवटी १९५२ मध्ये मॅस्लोने सहलेखकासह ते स्वतंत्रपणे छापलं. मला विचाराल तर किन्सेच्या सगळ्या चुकांत ही कमी माफ करण्यासारखी आहे. नमुना वाकडा असणं ही अडचण असते, पण तो वाकडा आहे हे कुणी दाखवल्यावर पान उलटणं ही निवड असते.

माझ्या बावीस जणी आशाताईंनी गोळा केल्या होत्या. शेवटच्या दिवशी त्या कौतुकाने म्हणाल्या, “मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून मी बोलणाऱ्या बायकाच आणल्यात बघा.” मॅस्लोचा निबंध एका वाक्यात!

हेच आपल्या जुन्या साधनांनाही लागू होतं. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले तोवर त्यांनी ते चालवलं. किन्सेचं स्त्रियांवरचं पुस्तक त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये आलं होतं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरोधात गेला. आता तुमच्यापैकी कुणी त्या पत्रांवर प्रबंध करायला घेतला, तर माझी हात जोडून विनंती आहे, ‘तत्कालीन मराठी समाजाची लैंगिक मानसिकता’ असं लिहू नका. ती पत्रं वाचता-लिहिता येणाऱ्यांची, मासिकाचे पैसे देऊ शकणाऱ्यांची आणि कर्व्यांवर भरवसा असलेल्यांची आहेत. अभ्यासाला ती फार मोलाची आहेत. पण समाजाचं सरासरी माप त्यांतून निघत नाही.

किन्सेवरच्या टीकेकडे परत येऊ. १९५० मध्ये, त्याला निधी देणाऱ्या समितीच्या विनंतीवरून, अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने तिघांना तपासणीला बसवलं: विल्यम कॉक्रन, फ्रेडरिक मोस्टेलर आणि जॉन टुकी. सॅम्पल साइज काढायला आपण ज्याचं सूत्र डोळे झाकून डकवतो, तोच हा कॉक्रन. टुकीचा एक किस्सा सांगतात की किन्सेच्या तीनशे माणसांपेक्षा यादृच्छिकपणे निवडलेली तीन माणसं मला चालतील, असं तो म्हणाला होता. किस्सा छान आहे, सेमिनारमध्ये टाळ्या घेतो. पण १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आलेला त्या तिघांचा अहवाल किश्शापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. त्यांनी आधी किन्सेचं काम त्याच्या आधीच्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिलं आणि बहुतेक बाबतींत ते सरस आहे असं नोंदवलं. मग नमुन्यावर बोट ठेवलं: अशा निवडीतून निघालेली टक्केवारी देशाला लागू होते असं म्हणायला आधार नाही. मग भाषेवर: आकड्यांना पेलणार नाहीत इतकी ठाम विधानं केलीत. आणि शेवटी उपाय दिला: छोटा का होईना, संभाव्यता-नमुना घ्या आणि मोठ्या नमुन्याशी ताडा. साहित्याचा आढावा लिहिताना मी हा अहवाल शेजारी ठेवते. ‘या अभ्यासाच्या मर्यादा म्हणजे नमुना लहान होता’ असं एक ओळीचं शेपूट लावण्यापेक्षा टीका काय असू शकते ते त्यात दिसतं.

तर, दहा टक्के कशाचे? ६५०-६५१ पानांवर उत्तर आहे. किन्सेने शून्य ते सहा अशी पट्टी आखली. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे केवळ समलिंगी. सोळा ते पंचावन्न या वयात निदान तीन वर्षं पाच किंवा सहावर असलेले पुरुष दहा टक्के. वयात आल्यापासून आयुष्यभर केवळ समलिंगी राहिलेले चार टक्के. आणि वयात आल्यानंतर एकदा तरी असा अनुभव पूर्णत्वाला गेलेले ३७ टक्के. तीन वेगळे आकडे, तीन वेगळ्या व्याख्या, सगळे वर सांगितलेल्या नमुन्यातले. शिवाय माणसांना ‘समलिंगी’ आणि ‘भिन्नलिंगी’ अशा दोन खोक्यांत भरता येत नाही, हेच त्याला पट्टी आखून सांगायचं होतं. म्हणजे माझं ते वाक्य आकड्याने अर्धवट होतं आणि अर्थाने उलटं. ज्या माणसाने खोकी मोडली, त्याच्याच नावावर मी एक खोकं खपवत होते. हा आकडा ज्यांनी चळवळीत वापरला त्यांच्याबद्दल मला राग नाही. ‘आम्ही आहोत’ हे सांगायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं? पण हक्क टक्केवारीवर अवलंबून नसतात. आपण टक्केवारी लिहिणार असू तर ती बरोबर लिहावी.

एक टीका आकडेशास्त्राबाहेरची. किन्सेने मोजायला एकक निवडलं ते कामतृप्तीचा क्षण, आणि तिथे पोचायच्या वाटांना नाव दिलं ‘आउटलेट’. अशा सहा वाटा, त्यांची बेरीज म्हणजे माणसाचं लैंगिक जीवन. समीक्षक लायोनल ट्रिलिंगने १९४८ मध्येच लिहिलं की हे पुस्तक आपण फक्त तथ्यं मांडतोय असा आव आणतं, पण त्यात मतं भरलेली आहेत. मला हे पटतं. जे मोजता येतं ते निवडलं की जे मोजता येत नाही ते नकळत बिनमहत्त्वाचं ठरतं. या एककात लग्नातला राजीखुशीचा संबंध आणि मन मारून सोसलेला संबंध एकाच रकान्यात जातात. माझ्या बावीसपैकी काही जणींनी ‘संबंध’ हा शब्दच वापरला नाही, त्या ‘त्रास’ म्हणाल्या. किन्सेच्या कागदावर त्या शब्दाला चौकट मिळाली नसती. माझ्याही पहिल्या प्रश्नावलीत ती नव्हती.

आता पाचवं प्रकरण. ते वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. त्यात लहान मुलांविषयीचे काही तक्ते आहेत. त्यांतली माहिती मुलांवर अत्याचार करणाऱ्याकडून आली होती. मजकूर वाचताना वाटतं की अशा अनेक जणांच्या नोंदी आहेत. सर्वांत वादग्रस्त तक्त्याची माहिती मात्र एकाच माणसाच्या नोंदींतून आली, असं किन्से संस्थेचे तेव्हाचे संचालक जॉन बँक्रॉफ्ट यांनी १९९० च्या दशकात स्पष्ट केलं. किन्सेने स्वतः मुलांवर प्रयोग केले असं जे पसरवलं जातं, त्याला पुरावा नाही. पण जे केलं ते पुरेसं वाईट आहे. गुन्हेगाराची वही शास्त्रीय निरीक्षण म्हणून छापली, त्याला कसलीही अडचण होऊ दिली नाही, आणि त्या वहीतल्या मुलांचा माणूस म्हणून एका ओळीतही विचार केला नाही.

ही चूक त्याच्या गुणातूनच आली आहे. समोरच्याबद्दल निवाडा करायचा नाही, कुणालाही गुप्ततेचं वचन द्यायचं आणि ते पाळायचं, यावर तर त्याच्या अठरा हजार मुलाखती उभ्या होत्या. ज्या काळात समलिंगी संबंधांबद्दल तुरुंग होता, त्या काळात त्या वचनाने हजारो लोकांना तोंड उघडता आलं. तेच वचन त्याने अत्याचार करणाऱ्यालाही दिलं. गांधीलमाशीच्या बाबतीत निवाडा न करणं ही शिस्त असते. मुलांच्या बाबतीत तीच शिस्त म्हणजे डोळेझाक. या प्रकरणापुरतं ‘तो काळ वेगळा होता’ हे उत्तर मला चालत नाही. न्यूरेंबर्गचा निकाल आणि त्यातली संशोधनाची संहिता १९४७ ची आहे, पुस्तकाच्या आधीच्या वर्षीची.

आणि हे फक्त अमेरिकेचं जुनं प्रकरण नाही. माझ्या संमतीपत्रात मी थाटात लिहिलं होतं, ‘तुम्ही दिलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत कुणालाही सांगितली जाणार नाही.’ एथिक्स कमिटीने त्या वाक्यावर लाल रेघ मारली. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्या कुणाही व्यक्तीवर ते कळवण्याचं बंधन आहे. संशोधक त्यातून सुटत नाही. माझ्या उत्तरदात्यांत सोळाव्या वर्षी लग्न झालेली कुणी निघाली तर? तिने माझ्या वचनावर विसंबून सगळं सांगितलं तर? पाळता येणार नाही असं वचन देऊन माहिती मिळवणं ही फसवणूक आहे. आणि वचनाची मर्यादा आधीच सांगितली तर निम्म्या जणी गप्प बसतील, हेही खरं. मी आता मर्यादा आधी सांगते. त्यामुळे माझा डेटा तोकडा झालाय. गाईडना ते आवडलेलं नाही, पण त्यांनी मान्य केलंय.

किन्सेचं पुढे काय झालं ते थोडक्यात. पहिलं पुस्तक डॉक्टरी पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकाने काढलं होतं, ते दोन महिन्यांत दोन लाखांच्या घरात खपलं. स्त्रियांवरचं पुस्तक आल्यावर मात्र वातावरण फिरलं. १९५४ मध्ये निधी देणाऱ्या प्रतिष्ठानांची संसदीय चौकशी झाली, रॉकफेलर फाउंडेशनचे पैसे थांबले. २५ ऑगस्ट १९५६ ला तो गेला, बासष्टाव्या वर्षी. नंतरही हेच होत राहिलं. १९८९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लैंगिक सर्वेक्षणाला थॅचर सरकारने पैसे नाकारले, शेवटी वेलकम ट्रस्टने दिले आणि १८,८७६ मुलाखती झाल्या. अमेरिकेतही सरकारी पैसे अडले, खासगी निधीवर १९९२ मध्ये ३,४३२ जणांचं सर्वेक्षण झालं. यादृच्छिक नमुना, आणि संपर्क केलेल्यांपैकी पाचातल्या जवळपास चौघांनी होकार दिला. लोक उत्तर देणारच नाहीत हा किन्सेचा युक्तिवाद तिथे संपला. त्यात स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी म्हणवणारे पुरुष २.८ टक्के होते. पण हा आकडा घेऊन ‘बघा, किन्से खोटा’ म्हणायला धावू नका. एकाने वर्तन मोजलंय, दुसऱ्याने ओळख.

आपल्या डेटाबद्दल एक इशारा देऊन ठेवते, कारण मीही तिथे घसरणार होते. एनएफएचएस-४ (२०१५-१६) मध्ये लैंगिक वर्तनाचे प्रश्न सगळ्या घरांत विचारलेले नाहीत, फक्त राज्य मॉड्यूलच्या साधारण १५ टक्के घरांत विचारलेत. ते राज्यपातळीसाठी आहेत. तुमच्या जिल्ह्याचा आकडा त्यातून ओढून काढलात तर व्हायवाला तुमच्याही समोर एखाद्या मॅडम बसलेल्या असतील.

सुधारलेल्या सिनॉप्सिसमध्ये ते एक वाक्य आता पाच वाक्यांचं झालंय आणि पानमर्यादा ओलांडली म्हणून दुसराच एक परिच्छेद कापावा लागला. पुस्तक मिळालं तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा, मग तिसरं आणि चौथं, मग एकविसावं. पाचवं वाचायचं असेल तर रात्री एकट्याने वाचू नका. सांख्यिकी समितीच्या अहवालाची परिशिष्टं लांबलचक आहेत, पण मुख्य भाग एका बैठकीत होतो.